नरक्याची पूड आणि सलाईनची बाटली

कोल्हापूर जिल्ह्यातील एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश: "माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांच्या मोठ्या आतड्यातील कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, नंतर केमो झाली. या वर्षी यकृतात गाठी दिसल्या म्हणून डॉक्टरांनी आयरिनोटेकान हे औषध असलेली दुसरी केमो सुरू केली. चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीनंतर चार-पाच दिवस जुलाब होतात आणि इतका थकवा येतो की ते अंगणातही येऊन बसत नाहीत. धाकट्या काकांनी आता घाटावरून नरक्या नावाच्या झाडाच्या सालीची पूड आणली आहे. सोबत मोबाइलवर आलेला मजकूर आहे की, या झाडातील द्रव्य आतडे, फुप्फुस, अंडाशय, स्तन, स्वादुपिंड अशा अनेक कॅन्सरवर गुणकारी असल्याचे संशोधनात दिसले आहे. मी शोधून पाहिले, तर संशोधन खोटे नाही. वडील म्हणतात, केमिकल आता पुरे, झाडपाल्याचेच घेतो. आई म्हणते, दोन्ही चालू ठेवू, पण डॉक्टरांना सांगायला नको, ते रागावतात. संशोधन खरे असेल तर काकांना खोटे कसे ठरवायचे, आणि खरे मानले तर पूड का द्यायची नाही, हे मला कळेनासे झाले आहे."

नमस्कार. उत्तर लांबणार आहे, म्हणून तातडीचे आधी सांगतो. ती पूड वडिलांना देऊ नका. केमो थांबवून देऊ नका आणि केमोबरोबर तर मुळीच देऊ नका. एखादा चमचा आधीच पोटात गेला असेल, तर पुढच्या फेरीची वाट न पाहता आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. असे का, हे समजावून सांगायला थोडा वेळ लागेल, कारण तुमचे काका अर्धे बरोबर आहेत, आणि अर्धे बरोबर असलेल्या माणसाला 'तुम्ही चुकताय' एवढे म्हणून भागत नाही.

नरक्या हे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, महाबळेश्वरपासून आंबोलीपर्यंत आणि पुढे दक्षिणेकडेही आढळणारे लहानसे झाड आहे. मी औषधशास्त्र शिकवत असताना विद्यार्थ्यांबरोबर आंबोलीच्या जंगलात गेलो होतो. आमच्याबरोबरच्या वाटाड्याने एक डहाळी मोडून माझ्या नाकाशी धरली आणि मी तोंड फिरवल्यावर हसून म्हणाला, "आता कळलं ना नाव कुठनं आलं?" त्या उग्र दुर्गंधीमुळेच वनस्पतिशास्त्रातही या झाडाच्या जुन्या नावात 'फीटिडा', म्हणजे 'घाण वासाची', असा शब्द होता. या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते, आणि काकांच्या मोबाइलवरचा मजकूर याच द्रव्याविषयी आहे.

हे द्रव्य प्रथम सापडले ते मात्र नरक्यात नव्हे, एका चिनी वृक्षात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील प्रयोगशाळेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळे केले आणि १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. यांतील वाणी हे आपल्या नंदुरबारचे. १९२५ साली तेथे जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. पाच वर्षांनी याच जोडीने टॅक्सॉलची रचनाही उलगडली, जे आज स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर जगभर वापरले जाते. (एवढे काम केलेल्या माणसाचे नाव महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो.) पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखवले. तेव्हा तुम्ही शोधलेले संशोधन खरेच आहे, आणि त्याला पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

आता त्या पन्नास वर्षांत काय झाले ते पाहू, कारण मोबाइलवरच्या मजकुरात नेमका तेवढाच भाग गाळलेला असतो. उंदरांमधील रक्ताच्या कॅन्सरवर कॅम्प्टोथेसिनचा परिणाम उत्तम दिसला होता. परंतु ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा विरघळणारा क्षार तयार करून १९७०च्या सुमारास तो रुग्णांच्या शिरेतून देऊन पाहण्यात आला. काही गाठी आकसल्या खऱ्या, पण त्यासाठी द्यावी लागलेली किंमत भयंकर होती. रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आल्या, तीव्र जुलाब झाले आणि अनेकांच्या मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. क्षार करण्यासाठी ज्या रेणूचे कडे उघडले होते, ते आम्लधर्मी लघवीत पुन्हा मिटत होते आणि मूळ दाहक द्रव्य मूत्राशयातच तयार होत होते. चाचण्या थांबवल्या गेल्या आणि द्रव्य जवळपास अडगळीत पडले. म्हणजे कॅम्प्टोथेसिन थेट माणसाला द्यावे हा काकांचा विचार कोणाला सुचला नव्हता असे नाही. तो शुद्ध द्रव्य घेऊन, रक्त तपासत, रुग्णालयात करून पाहिला गेला आणि सोडून द्यावा लागला.

ते पुन्हा बाहेर निघाले १९८५ मध्ये, जेव्हा हे द्रव्य नेमके काय करते याचा उलगडा झाला. पेशी दुभंगताना तिच्यातील डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. विहिरीचा ओला दोर गुंडाळताना त्याला जसा पीळ बसतो तसेच हे असते. पीळ सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर (एन्झाइम) डीएनएचा एक धागा क्षणभर कापते, पीळ मोकळा करते आणि धागा पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके कापणे आणि सांधणे यांच्या मध्ये जाऊन बसते. धागा कापलेलाच राहतो आणि पेशी दुभंगू लागली की मरते. हे विकर कोणत्याही एका कॅन्सरची मक्तेदारी नाही. ते आतड्याच्या कॅन्सरच्या पेशीत असते, फुप्फुसाच्या असते, अंडाशयाच्याही असते. आणि म्हणूनच मजकुरातील कॅन्सरांची यादी इतकी लांब आहे. पण तेच विकर तुमच्या वडिलांच्या अस्थिमज्जेत, केसांच्या मुळांत आणि आतड्याच्या निरोगी अस्तरातही असते, कारण तिथल्या पेशी सतत दुभंगत असतात. अनेक कॅन्सरवर चालणे आणि जुलाब होणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच गुणाच्या दोन बाजू आहेत. यादी जितकी लांब तितके औषध जालीम आणि तरीही निरुपद्रवी, असा जो समज अशा मजकुरातून होतो, तो इथेच ढासळतो.

त्यानंतर रसायनशास्त्रज्ञांनी या रेणूला जोड देऊन तो पाण्यात विरघळेल आणि शरीराला सोसेल असा केला. त्यातून दोन औषधे निघाली. टोपोटेकान १९९६ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मान्य झाले आणि नंतर फुप्फुसाच्या एका विशिष्ट प्रकारासाठी व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीही. दुसरे जपानमध्ये याकुल्त या कंपनीने विकसित केले. हो, तीच छोट्या बाटलीतील आंबवलेल्या दुधाची कंपनी. जपानने त्याला १९९४ मध्ये मान्यता दिली आणि अमेरिकेने १९९६ मध्ये, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी. त्याचे नाव आयरिनोटेकान.

हेच तुमच्या वडिलांच्या सलाईनमध्ये आहे.

तेव्हा ज्याला वडील 'केमिकल' म्हणत आहेत आणि ज्याला 'झाडपाला' म्हणत आहेत, ती एकाच घरातील भावंडे आहेत. आयरिनोटेकान करण्यासाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन आजही मुख्यतः झाडांतूनच काढले जाते आणि त्या झाडांत आपला नरक्याही आहे. तुमच्या पत्रातील प्रत्येक पर्याय एका गृहीतकावर उभा आहे, की एका बाजूला निसर्ग आहे आणि दुसऱ्या बाजूला रसायन, आणि तुम्हाला त्यांतून एक निवडायचे आहे. ते गृहीतक बाजूला ठेवून पाहा. निवड मोजलेल्या आणि न मोजलेल्या औषधात आहे. केमोच्या दिवशी वडिलांची उंची आणि वजन का घेतात, आदल्या दिवशी रक्त का तपासतात? आतड्याच्या कॅन्सरच्या नेहमीच्या पद्धतीत आयरिनोटेकान दर दोन आठवड्यांनी शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला साधारण १८० मिलिग्रॅम या हिशेबाने देतात, आणि पांढऱ्या पेशी कमी असल्या तर फेरी पुढे ढकलतात किंवा मात्रा उतरवतात. काकांच्या पिशवीतील चमचाभर पुडीत कॅम्प्टोथेसिन किती आहे, हे ना काका सांगू शकतील, ना ती विकणारा. ते प्रमाण झाडागणिक, खोड-मूळ-साल यांगणिक आणि प्रदेशागणिक बदलते. शिवाय नरक्याची चोरटी तोड इतकी झाली आहे की पश्चिम घाटात ते झाड धोक्यात आले आहे. अशा चोरीच्या मालात साल नरक्याचीच आहे की आणखी कशाची, याची हमी कोण देणार?

आईंचा 'दोन्ही चालू ठेवू' हा मार्ग वरवर समंजस वाटतो, परंतु तिन्हींत तोच सर्वांत घातक आहे. पुडीत द्रव्य नसेल तर ती फुकट जाईल. पण असेल, तर ज्या विकरावर सलाईनमधून घाव बसतो आहे त्याच विकरावर दुसरा, बेहिशेबी घाव बसेल आणि आधीच सोलवटलेले आतडे व दमलेली अस्थिमज्जा त्यात सापडतील. त्यातच यकृतात गाठी आहेत, आणि आयरिनोटेकान शरीराबाहेर काढण्याचे बरेचसे काम यकृताचेच असते. काही वनस्पती यकृताच्या विकरांचा वेग वाढवू किंवा घटवू शकतात. युरोपात उदासीनतेवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीबाबत २००२ मध्ये एक लहानसा अभ्यास झाला. आयरिनोटेकानबरोबर ती घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात औषधाचे प्रभावी रूप ४२ टक्क्यांनी कमी आढळले. निरुपद्रवी वाटणाऱ्या काढ्याने केमो अर्धीमुर्धी वाया जाऊ शकते, आणि कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. डॉक्टर रागावतात हे मी नाकारत नाही. आमच्या व्यवसायात हा दोष आहे. ते रागावले तर त्यांना शांतपणे सांगा, "डॉक्टर, घरात काय चाललंय ते लपवायचं नाही असं आम्ही ठरवलंय." बहुतेकांचा आवाज या वाक्यावर उतरतो.

आता वडिलांच्या वाक्याकडे येतो, कारण पत्र वाचताना मला पुडीपेक्षा त्याचीच चिंता अधिक वाटली. 'केमिकल आता पुरे' यात झाडपाल्यावरचा विश्वास किती आणि थकवा किती? घरातील वडीलधाऱ्या माणसाला 'मला सोसवत नाही' असे म्हणणे कठीण जाते. धाकट्या भावाने आणलेली पूड घेतो म्हणणे सोपे असते. संध्याकाळी, कोणी आजूबाजूला नसताना, त्यांना एवढेच विचारा की सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो. उत्तर जुलाब असे आले, तर त्यावर करण्यासारखे बरेच काही आहे, आणि ते अजून झालेले नसावे अशी मला शंका आहे.

आयरिनोटेकानचे जुलाब दोन प्रकारचे असतात. सलाईन चालू असताना किंवा पहिल्या दिवसात पोटात कळा येऊन, घाम फुटून होणारे वेगळे. ते अॅट्रोपिनच्या इंजेक्शनने आवरतात. काही दिवसांनी सुरू होणारे वेगळे. यकृताने निष्प्रभ करून पित्तावाटे आतड्यात सोडलेले औषध तिथले जिवाणू पुन्हा जागे करतात, त्यामुळे ते होतात. या दुसऱ्या प्रकारावर लोपेरामाइड द्यायचे असते, आणि ते नेहमीच्या जुलाबांपेक्षा वेगळ्या, अधिक नेटाच्या पद्धतीने. ती पद्धत डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि गोळ्या पहिला जुलाब होण्याआधीच घरात आणून ठेवा. ओआरएस चालू ठेवा. जुलाबांबरोबर १००.४ अंशांवर ताप आला, किंवा दिवसभर लघवी झाली नाही, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. शिवाय दोन प्रश्न विचारा: मात्रा उतरवता येईल का, आणि यूजीटी-१ए१ या जनुकाची तपासणी उपयोगी ठरेल का? ज्यांच्यात या जनुकाचा मंद प्रकार असतो, त्यांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडते आणि नेहमीची मात्राही त्यांना जड जाते. मात्रा कमी करणे म्हणजे हार मानणे नव्हे. चार फेऱ्यांनंतर ती बदलणे हे रोजचे काम आहे.

वडिलांनी विचारले की एवढे सोसून मिळते काय, तर तेही त्यांच्यापासून लपवू नये. पहिल्या केमोला दाद न दिलेल्या, पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेली एक चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ त्रास कमी करणारे उपचार घेतलेल्यांपैकी १३.८ टक्के लोक एका वर्षानंतर हयात होते. त्याबरोबर आयरिनोटेकान घेतलेल्यांपैकी ३६.२ टक्के. आणि जुलाब सोडले तर जगण्याची गुणवत्ताही औषध घेणाऱ्यांचीच बरी राहिली, कारण आटोक्यात न ठेवलेला आजार औषधापेक्षा जास्त छळतो. यात चमत्कार नाही, पण प्रामाणिक आकडे आहेत, आणि नरक्याच्या पुडीबाबत असा एकही आकडा कोणाकडे नाही. त्यानंतरच्या वर्षांत पुष्कळ औषधे आली आहेत. तुमच्या वडिलांचा हिशेब त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावा लागेल.

हे सारे नीट कळल्यावरही वडिलांना केमो नको असेल, तर तो त्यांचा अधिकार आहे. मात्र तेव्हा पर्याय पूड हा नसून पॅलिएटिव्ह उपचार हा आहे, म्हणजे वेदना, मळमळ, भूक, झोप यांची जाणत्या लोकांनी घेतलेली काळजी. खरे तर ती केमो चालू असतानाही घेता येते, आणि आताच मागून घ्यावी असे मी सुचवेन.

असाच मजकूर ज्यांच्या घरात फिरतो आहे, त्या इतर वाचकांसाठीही थोडे सांगतो. 'अमुक द्रव्य अनेक प्रकारच्या कॅन्सरवर गुणकारी' असे वाचले की आधी विचारावे, कशावर गुणकारी: काचेच्या बशीतील पेशींवर, उंदरांवर, की माणसांवर? बशीतील पेशी मारणे सोपे असते. त्या साबणाच्या पाण्यानेही मरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने १९६० ते १९८२ या काळात लाखाहून अधिक वनस्पती-अर्क तपासले, आणि त्यातून रुग्णापर्यंत पोहोचलेली मोठी नावे दोनच: टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिनचे कुटुंब. मग विचारावे, किती मात्रेत आणि कशाशी तुलना करून? हळदीपासून सीताफळाच्या पानांपर्यंत बहुतेक मजकूर या दुसऱ्या प्रश्नाशीच अडतो. आणि ज्यांचा आजार अजून पसरलेला नाही, त्यांनी तर उपचार सोडण्याचा विचारही करू नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, न पसरलेल्या कॅन्सरवर केवळ पर्यायी उपचार निवडलेल्यांचा मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीचपट होता, आणि मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये साडेचारपट.

राहिले काका. त्यांना खोटे ठरवू नका, कारण ते खोटे नाहीत. त्यांना सांगा, "काका, तुम्ही आणलेल्या झाडाचंच औषध दादांना सलाईनमधून चालू आहे, फक्त धुऊन, मोजून." हे ऐकून त्यांना आधी आश्चर्य वाटेल आणि मग, माझा अंदाज आहे, थोडा अभिमानही. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या आणि पुडीची पिशवी त्यांच्याच हातात द्या. डॉक्टरांना ती दाखवू दे. तोपर्यंत ती स्वयंपाकघरात, जिरेपुडीच्या डब्याशेजारी ठेवू नका. लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी, वर नाव लिहून ठेवा. आणि काकांना एक वही द्या. जुलाब किती वाजता, किती वेळा, ताप किती, पाणी किती प्यायले, हे पाचव्या फेरीनंतरचे दहा दिवस त्यांनी लिहायचे. मात्रा ठरवताना डॉक्टरांना त्या वहीचा उपयोग होईल.